वाकडी कड

रविवार, ३ मे

ही वही मैदा पुरवणाऱ्याने नव्या वर्षाला फुकट दिली होती. चार महिने कोरी पडून होती. आजपासून लिहितो, कारण या घरात जे चाललंय ते कुणीतरी नोंदवून ठेवायला हवं, आणि बाकीच्या दोघी खाण्यात गर्क आहेत.

एक नियम आधीच करून टाकतो. तेहतीस वर्षं मी केकवर नावं लिहिली. वाढदिवसाची पोरं, लग्नाची जोडपी, निवृत्त होणारे साहेब, एकदा तर एका कुत्र्याचंसुद्धा. आता पुरे झालं. या वहीत कुणाचंही नाव येणार नाही. बायको ती बायको, सून ती सून आणि मूर्ख तो मूर्ख.

तर सून. तिने आज टार्ट केला. मैद्याची पारी लाटली, ती ना गोल ना चौकोनी, नकाशातला एखादा देश असावा तशी. तिच्यावर पीच आणि आलुबुखाराच्या फोडींचा ढीग ओतला. कडा उचलून हाताला येतील तशा आत दुमडल्या आणि ढकललं ओव्हनमध्ये. साचा नाही, रिंग नाही, मोजपट्टी नाही. बाहेर आलं ते एकीकडे फुगलेलं, दुसरीकडे रस ओघळून करपलेलं.

मी विचारलं, 'हा पडला का हातातून?'

'नाही बाबा, हा असाच असतो. गावठी टार्ट. ओबडधोबडच करायचा असतो.'

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आता जुनी झाली. हल्ली ज्यांना नाचता येत नाही ते वाकडं अंगण मुद्दाम शोधून काढतात आणि वर कौतुक करून घेतात.

बायकोने दोन तुकडे खाल्ले. मी तीन खाल्ले, पण ते तपासण्यासाठी. चव बरी होती. चवीचं काय एवढं, चव नुसत्या साखरेलाही असते.

दुकान मी फेब्रुवारीत स्वतःहून सोडलं, हेही इथे स्पष्ट लिहून ठेवतो. धाकट्या मालकांनी केकवर नावं छापायचं यंत्र आणलं. जिथे यंत्र नावं लिहितं तिथे माझ्यासारख्याने काय माश्या मारायच्या?

या वहीचा कागद फार गुळगुळीत आहे, पेन घसरतं. फुकटात दुसरं काय मिळणार!

मंगळवार, ५ मे

सून दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा देण्याचं काम करायची. तो दवाखाना मार्चमध्ये बंद झाला. तेव्हापासून ती घरी बेकार आहे आणि मी घरी निवृत्त आहे. या दोन शब्दांतला फरक बायकोला कळत नाही. ती दोघांनाही सारखीच भाजी निवडायला बसवते.

रविवारचा उरलेला तुकडा सुनेने चौकातल्या कॅफेवालीला नेऊन दिला. उरलेला तुकडा, तोही कागदात गुंडाळून! आम्ही नमुना दाखवायचा तर चांदीच्या पुठ्ठ्यावर, फीत बांधून दाखवायचो. पण त्या बाईला म्हणे तो एवढा आवडला की तिने तीन शनिवार आठ-आठ टार्ट आणायला सांगितलेत. गिऱ्हाइकांनी उचलले तर उन्हाळाभर हे काम सुनेचं, आणि पुढे कॅफेमागचं स्वयंपाकघरही तिला वापरायला मिळेल. तीन शनिवार म्हणजे नऊ, सोळा आणि तेवीस. सुनेने फ्रिजवरच्या कॅलेंडरात तिन्ही तारखांभोवती लाल गोल काढले. तेही वाकडे.

चिरंजीव बोटीवर आहेत, सप्टेंबरपर्यंत. फोनवर त्यांनी 'वा वा' म्हटलं. समुद्रात बसून वा वा म्हणायला काय जातं!

मला दया आली. पेटीतून माझी आठ इंची रिंग काढली. स्टीलची आहे, तेवीस वर्षं वापरली, तरी कुठे पोचा नाही. म्हटलं, 'ही घे. निदान गोल तरी होतील.'

'बाबा, गोल केले तर ते विकतचे वाटतील.'

'अगं, तू विकणारच आहेस ना?'

ती हसायला लागली. बायकोही हसली. हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

शनिवार, ९ मे

आठही टार्ट साडेअकराच्या आत संपले.

मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. टोपी घालून, कोपऱ्यातलं टेबल धरून. टोपीची तशी गरज नव्हती, तिथे मला ओळखणारं कुणीच नव्हतं. एक चष्मेवाला आला, टार्टकडे बघून 'अहाहा' म्हणाला आणि फोटो काढायला लागला. कशाचा, तर करपलेल्या कडेचा! एक बाई काटा-चमचा बाजूला सारून हाताने कड मोडून खात होती, आणि खाऊन झाल्यावर बोटं चाटली. चांगली शिकलेली दिसत होती.

गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे गुलाबाची एक पाकळी दबली तरी मी केक परत पाठवायचो. साखरेचे मोती मोजून लावायचो. त्याचे कुणी असे फोटो काढले नाहीत. गिऱ्हाईक खोका उघडायचं, नाव बरोबर आहे का बघायचं आणि पहिली सुरी नेमकी नावावरूनच फिरवायचं. तेहतीस वर्षांतलं माझं एक अक्षर आज कुठे शिल्लक नाही. आणि हे लोक करपलेल्या मैद्याची आठवण जपून ठेवताहेत.

सुनेने घरी येऊन मला विचारलं, 'बाबा, तुम्ही आला होता ना? टोपी दिसली.' मी म्हटलं, 'छे.'

मंगळवार, १२ मे

आज बँकेत माझी सही जुळली नाही.

काउंटरवरची बाई म्हणाली, 'आजोबा, ही तुमचीच सही आहे का?' आजोबा! माझ्या सहीला लोक फ्रेम करायचे. म्हणजे केलं नाही कुणी, पण करण्यासारखी होती. बाईने पुन्हा करायला लावली, मग पुन्हा. तिन्ही सह्या तीन तऱ्हेच्या आल्या. येणारच. पेन दोरीने बांधलेलं आणि दोरी वीतभर. चोरांच्या भीतीने पेनं बांधून ठेवणाऱ्या बँकेने लोकांच्या सह्यांना नावं ठेवू नयेत.

शेवटी बरोबर आलेल्या बायकोने अंगठा लावायचा अर्ज मागितला. मी तिथून निघून आलो.

वाटेत मला गाठून ती म्हणाली, 'अहो, एकदा डॉक्टरांना हात दाखवून या ना.'

म्हटलं, 'हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेऊ?'

घरातले कपही हल्ली निकृष्ट आणतात. कान एवढा बारीक की त्यात बोट धड बसत नाही, चहा बशीत सांडतो. आज सुनेने न विचारताच मला मोठा मग दिला, दोन्ही हातांनी धरायचा. आणि तोही अर्धाच भरलेला. आता चहातही काटकसर सुरू झाली म्हणायची.

शनिवार, १६ मे

जे झालं ते क्रमाने लिहितो.

काल दुपारी सुनेने आठ टार्ट रचले. कच्चेच चार ट्रेमध्ये मांडून फ्रिजमध्ये ठेवले. आज सकाळी सहाला भाजायचे आणि नऊला पोचवायचे, असा बेत होता. मग ती आणि बायको खोके आणायला बाजारात गेल्या. मी पाणी प्यायला फ्रिज उघडला.

आठ टार्ट माझ्याकडे बघत होते, आणि आठही वाकडे. एकाची कड तर अशी की जणू कुणी झोपेत दुमडली असावी. मनात आलं, ही पोरगी मेहनती आहे, फळं निवडून आणते, पण हिला कुणी शिकवलंच नाही. आणि या घरात शिकवणारा माणूस पाणी पिऊन परत खोलीत जाणार? मला राहवलं नाही.

एकेक टार्ट ओट्यावर घेतला, वर रिंग ठेवली आणि सुरी फिरवून बाहेर डोकावणारी कड कापून टाकली. पहिल्या वेळी सुरी दोनदा घसरली. आमच्या घरात सुरीला धार लावायची पद्धतच नाही. पण सुरी रिंगच्या काठाला टेकवून चालवली की बरोबर फिरते. अर्ध्या तासात आठही टार्ट गोल झाले, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. फेब्रुवारीपासून एवढं बरं मला वाटलं नव्हतं. कापलेल्या कडा वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात तळाशी टाकल्या. लपवायला नव्हे, मुंग्या होऊ नयेत म्हणून.

सकाळी सहाला सुनेने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली. मी दारातच होतो. वाटलं, आता म्हणेल, बाबा, किती छान.

'बाबा, हे तुम्ही केलंत?'

मी मान डोलावली.

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग एकेका टार्टची कड बोटांनी चिमटून जोडायला लागली. काही जोडल्या, काही जुळल्याच नाहीत. शेवटी तिने ट्रे ओव्हनमध्ये सारले. सहा वर्षांत ही मुलगी माझ्यावर ओरडलेली नाही, पण ओरडली असती तर बरं झालं असतं.

पंधरा मिनिटांत धूर झाला.

आता लिहितो ते मला आज कळलं. त्या टार्टची कड म्हणजे पारीचीच घडी. ती आत दुमडलेली असते म्हणून रस आत राहतो. मी रिंग लावून नेमकी घडीच कापून टाकली होती. खालची पारी वेगळी, वरची वेगळी आणि मध्ये उकळणारी फळं. रस अडवायला काही उरलंच नव्हतं. तो ट्रेवर आला, ट्रेवरून खाली सांडला आणि जळायला लागला. मी तेहतीस वर्षं दुकानात वरच्या मजल्यावर सजावट केली. ओव्हनवाले तळघरात असायचे. काळवंडलेल्या हातांची माणसं, त्यांच्याशी आमचं बोलणं नसायचं. ती खाली नेमकं काय करतात ते बघायला मी एकदाही जिना उतरलो नव्हतो.

सुनेने घाईघाईत ट्रे ओढला. उकळता रस कडेवरून तिच्या उजव्या तळहातावर आला. साखरेचा रस तो, चिकटून बसतो. तिने ट्रे टाकला नाही. आधी ओट्यावर ठेवला आणि मग नळाखाली हात धरला.

आठातले तीन वाचले. तिने डाव्या हाताने कॅफेवालीला फोन लावला आणि म्हणाली, 'माफ करा हं, आमच्या ओव्हननं ऐन वेळी दगा दिला.' पलीकडून बाई काय म्हणाली ते मला खोलीभर ऐकू आलं. पुढच्या शनिवारी दहा हवेत आणि वेळेवर हवेत, नाहीतर मी दुसरीकडे बघते.

खोटं बोलणं मला मुळीच खपत नाही. पण मी मधे बोललो नाही.

बायको सुनेच्या हाताला मलम लावत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'अंगण वाकडं आहे म्हणत होता ना? आता केलंत सरळ. झालं समाधान?'

रविवार, १७ मे

आज मी कुणाशी बोललो नाही आणि माझ्याशी कुणी बोललं नाही.

ओव्हन घासला, सगळी सकाळ गेली. जळलेली साखर दगडासारखी होते. ओव्हन जुना आहे, पण त्यात दोष काही नाही. खापर मात्र त्याच्यावर फुटलं.

मंगळवार, १९ मे

सुनेच्या हाताला पट्टी आहे, आठवडाभर तरी ओला करायचा नाही. दहा टार्ट कोण करणार, यावर आज जेवताना चर्चा झाली.

बायको म्हणाली, 'फळं मी चिरेन. पण पारीला मी हात लावणार नाही. एक जरी बिघडला तर यांच्याकडून जन्मभर ऐकावं लागेल.'

सून म्हणाली, 'बाबा करतील.'

'मी? हे गावठी?'

'मी शेजारी बसून सांगते. तुमचे हात नेहमी थंड असतात. या पिठाला थंडच हात लागतात.'

ही गोष्ट खरी आहे. गरम हातांच्या माणसाच्या बोटांत क्रीम विरघळतं, त्याने या धंद्यात पडू नये. तिने हे कधी पाहिलं कोण जाणे.

दुपारी सराव म्हणून एक करायला घेतला. थंड लोण्याचे तुकडे मैद्यात बोटांनी मोडले, बर्फाचं पाणी चमच्याचमच्याने घातलं. मळायचं नाही म्हणाली, नुसतं गोळा करायचं. लाटणंही झालं, लाटण्यावर दोन्ही हातांचा भार असतो. पारीवर चमचाभर रवा भुरभुरला, तो रस पितो म्हणे. वर फळं रचली. आणि मग कडा दुमडायची वेळ आली.

पहिली घडी मोठी आली, दुसरी छोटी. तिसरी घालताना बोट मधेच हललं आणि पारी भलत्याच ठिकाणी मुडपली. मी म्हटलं, ओटा उंच आहे. सुनेने पाट आणून दिला. म्हटलं, उजेड कमी आहे. तिने पडदा सारला. म्हटलं, लोणी जास्त थंड आहे. तिने बोटाने पुढची कड दाखवली. मी घड्या घालत गेलो आणि प्रत्येक घडी दुसरीशी वैर असल्यासारखी पडत गेली.

'बाबा, हेच,' ती म्हणाली.

'काय हेच?'

'हेच हवं होतं मला. मी घालायला जाते तर सगळ्या घड्या एकसारख्या होतात. मग मी उगाच एखादी वाकडी करते, ती केलेली दिसते.'

मी अ‍ॅप्रन काढून तिथेच टाकला आणि खोलीत आलो. माझी टिंगल करायला या घरात आता सूनही तयार झाली.

तो टार्ट तिने भाजला. संध्याकाळी बायकोने बशीत घालून खोलीत आणून ठेवला आणि दार लोटून गेली. रस एक थेंब बाहेर आला नव्हता.

बुधवार, २० मे

माझा हात कापतो.

लिहून टाकलं. वहीचा कागद चांगला आहे. बँकेची दोरीही तशी पुरेशी लांब होती.

आणि दुकानाबद्दल मी पहिल्या पानावर लिहिलं ते खोटं आहे. फेब्रुवारीत एक मुलगी आली होती आईबरोबर, सहा वर्षांची. नुकतीच वाचायला शिकली असावी, वाटेतल्या पाट्या मोठ्याने वाचतच आत आली. मी तिचा केक काउंटरवर ठेवला. ती टाचा उंचावून उभी राहिली, नावावर बोट धरलं आणि एकेक अक्षर वाचायला लागली. दुसऱ्या अक्षरावर अडली. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा अडली. मग आईला म्हणाली, 'आई, हा केक कुणाचा आहे?'

आई म्हणाली, 'तुझाच गं, काका घाईत होते.' घाईत! त्या नावावर मी वीस मिनिटं घालवली होती. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून लिहिलं होतं.

यंत्र नंतर महिन्याने आलं. ती मुलगी आली त्याच संध्याकाळी मी दुकान सोडलं होतं.

ती मुलगी रडली वगैरे नाही. पोरांना केक खायचा असतो. पण तेहतीस वर्षांत माझं लिहिलेलं नाव ज्याचं त्याला वाचता आलं नाही, असं तोवर झालं नव्हतं.

सुनेला यातलं काही माहीत नाही. पण अर्धा मग ती का भरते ते मला आत्ता, हे लिहिताना कळलं. एवढ्या उशिरा कळावं, म्हणजे मूर्ख कोण ते आता वेगळं लिहायला नको.

शनिवार, २३ मे

काल अ‍ॅप्रन बांधला. बायकोने फळं चिरली, पीच, आलुबुखार आणि थोड्या चेरी. चेरीच्या बिया काढताना तिने ओटा असा माखला की जणू तिथे खून पडला असावा. सून पाटावर बसून हुकूम सोडत होती. 'कड दोन बोटं सोडा. नाही बाबा, तुमची दोन बोटं नको, माझी दोन.' मी दहा टार्ट रचले. हात कापत होता आणि मी त्याला कापू दिलं. मनगट धरलं नाही.

दहांतले दोन तर इतके विचित्र झाले की मी ते मागे ठेवायला लागलो. सून म्हणाली, 'ते पुढे ठेवायचे.'

आज नऊच्या आधी आम्ही तिघंही कॅफेत होतो. कॅफेवालीने पहिला खोका उघडला. मग दुसरा उघडला.

'हे नेहमीचे नाहीत,' ती म्हणाली. 'कुणी केले?'

मी दाराकडे बघायला लागलो. किती पावलांत बाहेर पडता येईल ते मोजत होतो.

सून म्हणाली, 'आमच्या बाबांनी. तेहतीस वर्षांचा हात आहे त्यांचा.'

'सुरेख हात आहे हो तुमचा,' कॅफेवाली मला म्हणाली. 'दोन घड्या एकमेकींसारख्या नाहीत. हे कसं जमवता?'

माझ्या साखरेच्या गुलाबांना, मोत्यांना, नावांना एवढ्या वर्षांत कुणी सुरेख म्हटलं नाही, आणि म्हटलं ते या थरथरीला! मी तिला सरळ सांगितलं, 'बाई, तुम्हाला यातलं काही कळत नाही.' ती मोठ्याने हसली. तिला तो माझा विनय वाटला. माझ्यावर असा आरोप आजवर कुणी केला नव्हता.

साडेदहाला दहाही संपले. मी मागे ठेवत होतो ते दोन सगळ्यांत आधी गेले. उन्हाळाभर दर शनिवारी दहा टार्ट द्यायचे ठरलं, आणि मागचं स्वयंपाकघर सुनेला आत जाऊन दाखवलं. तिने तिथेच पट्टीच्या हाताने डोळे पुसले. उन्हाळाभर मैदा मळायला मिळणार म्हणून रडणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. माझ्या डोळ्यांत गेली ती ओव्हनच्या बाजूची वाफ होती.

परतताना मी तिला म्हणालो, 'ओव्हन बिघडला असं तू उगाच सांगितलंस. मी बिघडवलं होतं.'

'माहीत आहे, बाबा.'

'मग खरं सांगायचं होतंस.'

'आज सांगितलं की. कुणी केले विचारलं, तर सांगितलं.'

मग म्हणाली, 'दहा टार्ट झाले. आता एक गोष्ट माझी ऐका. डॉक्टरांकडे चला.' बायको दोन पावलं पुढे चालत होती, पण तिची मान हलली. दोघींनी आधीच ठरवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

घरी आल्यावर बघतो तर माझ्या आठ इंची रिंगवर बायकोने गरम पातेलं ठेवलंय. म्हणाली, अगदी बरोबर बसतं. बसतंय खरं.

मंगळवार, २६ मे

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. भिंतीवर तिच्या पदव्या टांगल्यात, त्यांतली एक फ्रेम डावीकडे कललेली. मी सरळ करायला उठलो तर बायकोने सदरा धरून खाली बसवलं.

डॉक्टरांनी मला हात समोर धरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, मग कागद दिला आणि गोगलगाईच्या पाठीवर असतात तशी वेटोळी काढायला सांगितली. सत्तरीला आलेल्या माणसाला वेटोळी! काढली. त्यांचं काय झालं ते लिहीत नाही.

मग म्हणाल्या, 'आता खाली काहीतरी लिहा. एखादं नाव लिहा, कुठलंही.'

कुठलंही म्हटल्यावर स्वतःचं सुचायला हवं होतं, निदान बायकोचं. मी त्या मुलीचं लिहिलं. सावकाश लिहिलं. मनगट धरलं नाही.

डॉक्टरांनी कागद उचलला आणि नाव वाचलं. मोठ्याने, न अडखळता, अगदी बरोबर. विचारलं, 'नात का?'

बायको म्हणाली, 'नाही, गिऱ्हाईक.' म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. कधीपासून ते मी विचारलं नाही.

अर्थात डॉक्टर लोकांची स्वतःची अक्षरं म्हणजे मुंगळ्यांची रांग. त्यांना वाईट अक्षर वाचायची सवय असते. तेव्हा त्याला फारसा अर्थ नाही.

आजार फार वाईट नाही म्हणाल्या. वयाने होतो, वाढतो, पण हळू. गोळ्या लिहून दिल्या. मी विचारलं, 'हात स्थिर होईल?'

'बराचसा होईल.'

यावर माणसाला आनंद व्हायला हवा. मला शनिवार आठवला.

घरी आल्यावर सून गोळी आणि मगभर पाणी घेऊन समोर उभी राहिली. मग अर्धाच होता. मी सांगितलं, गोळ्या उन्हाळा संपल्यावर सुरू करीन. हात स्थिर झाला तर घड्या सरळ येतील, मग तुझं काय? त्या गाढवांना वाकडेच लागतात आणि मुद्दाम वाकडं करणं मला या जन्मी जमायचं नाही.

'मग सरळ करा,' ती म्हणाली.

'कोण घेईल?'

'ते मी बघते. तुम्ही गोळी घ्या.'

'स्वयंपाकघर जाईल हातचं.'

'बाबा, गोळी.'

तिच्या तळहातावरची पट्टी आज सुटली होती. मध्ये गुलाबी डाग आहे, वेडावाकडा, चांगला रुपयाएवढा. त्याच्यावरच तिने गोळी ठेवली होती. मी चष्मा लावून बघितली. गोळी धड गोलही नव्हती, एका बाजूने कड उडालेली. आमच्या दुकानात असा माल आला असता तर मी दारातूनच परत पाठवला असता.

घेतली.